टीसीडीवर (कवटीवरून मेंदूच्या धमन्यांतला वेग मोजणारं डॉप्लर) एमसीएचा (मेंदूतल्या मधल्या मोठ्या धमनीचा) वेग १४८ आला, स्पाझम (धमनी आवळलीय) लिहू का?

प्रश्न (सांगली, आयसीयू टेक्निशियन)
मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटून रक्तस्राव, बाई, वय ६०, सातवा दिवस, व्हेंटिलेटरवर. उजव्या कानशिलातून ५२ मिमी खोलीवर एमसीए: पीक (सर्वात जास्त) २१०, डायस्टोलिक (ठोक्याच्या शेवटचा, सर्वात कमी) ११७, मीन (सरासरी) १४८ सेमी/सेकंद. हिमोग्लोबिन ८.२. डावीकडे सिग्नलच नाही. रिपोर्टमध्ये काय लिहू?

उत्तर १ (मिरज)
ताई, मीन आधी हाताने काढून बघा. (२१० + २×११७) ÷ ३ = १४८, म्हणजे मशीनने लहरीच्या कडेवर काढलेली रेघ बरोबर आहे. गेन (सिग्नल मोठा करणं) जास्त असला की मशीन खरखरही वेगात धरतं.

पण एकट्या १४८ वर स्पाझम लिहू नका. टीसीडी वेग मोजतं, रक्त किती जातंय ते नाही. धमनी आवळली तरी वेग वाढतो, आणि रक्त पातळ होऊन प्रवाह वाढला तरी वाढतो. हिमोग्लोबिन ८.२ असताना ही दुसरी शक्यता धरावीच लागते. त्याच बाजूची मानेतली आयसीए (मेंदूला रक्त नेणारी धमनी) घ्या: तोच २ मेगाहर्ट्झचा प्रोब जबड्याच्या कोनाखाली, रोख वर, ४० ते ५० मिमी, प्रवाह प्रोबपासून दूर जाणारा. एमसीए भागिले आयसीए. ३ च्या आत असेल तर प्रवाह वाढलाय, ३ च्या वर स्पाझम, ६ च्या वर तीव्र.

उत्तर २
डावीकडचं: या वयाच्या बायकांत कानशिलाचं हाड बऱ्याचदा अल्ट्रासाउंड आत जाऊ देत नाही. पॉवर पूर्ण, डेप्थ (खोली) ५० मिमी, जेल भरपूर. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वरच्या कडेने प्रोब आधी नुसता सरकवा. सिग्नलची चाहूल लागली की मगच तिरका करा. कोन ३० अंशांनी चुकला तर वेग १३ टक्के कमी दिसतो. तरीही नाही मिळालं तर ‘विंडो नाही’ (हाडातून अल्ट्रासाउंड आत जात नाही) लिहा. ‘प्रवाह नाही’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला धमनी बंद वाटेल.

प्रश्नकर्ती
उजवी आयसीए ३८. म्हणजे गुणोत्तर ३.९. काल एमसीए ११२ होती, पण तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३४ (मिमी पारा) होता, आज ४१.

उत्तर १
कार्बन डायऑक्साइड १ मिमी पाऱ्याने वाढला की प्रवाह साधारण ३ ते ४ टक्के वाढतो, त्यामुळे ११२ ते १४८ मधला बराचसा फरक तिथलाच असू शकतो. गुणोत्तरावर मात्र त्याचा फारसा परिणाम नाही, कारण दोन्ही धमन्यांचा वेग सोबतच वाढतो. ३.९ हा स्पाझमच. डॉक्टरांना आत्ताच कळवा, उद्याच्या रीडिंगची वाट बघू नका. सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करायची का ते तेच ठरवतील. डावी बाजू टीसीडीवर दिसलीच नाही, हेही त्यांना सांगा. यापुढे प्रत्येक रीडिंगशेजारी डेप्थ, बीपी, हिमोग्लोबिन आणि कार्बन डायऑक्साइड लिहीत चला.