मदत हवी आहे: एसईएल-३५१ रिलेची मजकुरी आज्ञांनी चाचणी

नमस्कार. ३३ केव्ही फीडरच्या पॅनेलवरील एसईएल-३५१ रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकरला ट्रिपचा आदेश देणाऱ्या संरक्षण उपकरणाची) चाचणी मी लॅपटॉपवरील टर्मिनलमधून आज्ञा टाइप करून करत आहे. ब्रेकरचा ट्रिप मार्ग टेस्ट ब्लॉकमधून तोडलेला आहे. ‘एसीसी’ आणि ‘टूएसी’ या आज्ञांनी पासवर्ड देऊन वरच्या स्तरावर जाता येते, ‘मीटर’ आज्ञेत दिसणारा करंट इंजेक्शन किटशी (रिलेला चाचणीचा करंट देणाऱ्या संचाशी) जुळतो, आणि ‘टार्गेट’ आज्ञेने ओव्हरकरंट घटकाचा पिकअप (ठरवलेली करंट-मर्यादा ओलांडल्याची स्थिती) शून्यावरून एकवर गेलेला स्पष्ट दिसतो.

प्रश्न वेळेच्या मोजणीचा आहे. आयईसी स्टँडर्ड इन्व्हर्स वक्र (करंट जितका जास्त तितका ट्रिपचा वेळ कमी), टाइम डायल (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.१ आणि पिकअपच्या पाचपट करंट असताना सूत्राने सुमारे ०.४३ सेकंद येतात. मात्र ‘एसईआर’ (रिलेतील घटनांची वेळेसह क्रमवार नोंद) नोंदीतील पिकअप ते टाइमआउट (घटकाची वेळ पूर्ण होणे) हे अंतर आणि किटने ट्रिप कॉन्टॅक्टवर थांबवलेली वेळ एकसारखी येत नाही. रिले आपले तर्कगणित पाव सायकलने, म्हणजे ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंदांनी करतो, आणि कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष मिटण्याचा वेळ ‘एसईआर’मध्ये धरला जात नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या मते संरक्षणाच्या दृष्टीने कॉन्टॅक्टवरील वेळच खरी. तरी अहवालात आपण कोणती वेळ नोंदवता?

दुसरे असे की, ‘पल्स’ आज्ञेने (आउटपुट कॉन्टॅक्ट क्षणभर चालवणारी आज्ञा) आउटपुट तपासायला आतील बोर्डावर ब्रेकर जंपर (अशा आज्ञांना परवानगी देणारी छोटी जोडपिन) लागतो. तो बसवण्यासाठी चालू उपकेंद्रात रिले उघडणे मला योग्य वाटत नाही. जंपर न बसवता प्रत्येक आउटपुट कॉन्टॅक्ट तपासण्याची खात्रीची पद्धत अनुभवी मंडळींनी कृपया सांगावी.