अनुभव धागा: झाडीतला भुसभुशीत बर्फ आणि आपण नाशिककर

मागच्या रविवारी कॉलेज रोडच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. पाच जणांतले तिघे गुलमर्गला स्की करून आलेले निघाले. ब्रह्मगिरीवर पावसात पाय घसरला की देवाला हाका मारणारी माणसं आता पैसे भरून घसरायला जातात. तर होऊन जाऊ द्या. अट एकच, शिकाऊ मैदानातलं नको. देवदार-फरच्या झाडीतून, ताज्या बर्फातून उतरलेल्यांनी लिहायचं. पडला असाल तर ते आधी लिहा.

सुरुवात मीच करतो. शुक्रवारी ओझरहून दिल्ली, तिथून श्रीनगर आणि संध्याकाळी टंगमर्गवरून साखळ्या लावलेल्या जीपने वर. गुलमर्ग गावच २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर. रात्रभर बर्फ पडला. सकाळी बघतो तर गंडोलाचा, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेचा, दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद. वरचं अफरवट शिखर ढगात. माझं तोंड उतरलं, पण गाइड खुशीत! म्हणाला, आज जंगलाचा दिवस.

का, ते पहिल्या टप्प्यावर कोंगदूरीला उतरल्यावर कळलं. उघड्या उतारावर ढग आला की जमीन आणि आभाळ एक होतं, उतार कुठे आहे तेच समजत नाही. उभा असतानाही तोल जातो. झाडीत मात्र खोडांच्या काळ्या रेघा असतात, त्यांच्यावरून नजरेला अंदाज येतो. वाराही अडतो, त्यामुळे बर्फ जसा पडला तसाच राहतो. भगरीच्या पिठात हात घातल्यासारखा. स्कीचा आवाजच येत नाही हो. फक्त स्वतःचा श्वास, तोही फार मोठा.

गाइडने एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: झाड बघू नकोस, दोन झाडांमधली जागा बघ. मी झाड बघितलं. झाडाने मला घेतलं. खांदा आठवडाभर दुखत होता. तरी दुपारपर्यंत बाबारेशी दर्ग्याच्या बाजूला उतरणाऱ्या जंगलातून दोनदा खाली आलो. खाली दर्ग्याजवळ जीप उभी असते, ती परत वर आणून सोडते. जीपमध्ये सगळ्यांच्या अंगाची वाफ निघत होती.

सातपूरवरून

माझं पडणं लिहितो, अटीप्रमाणे. वळताना उजवी स्की सुटली आणि गायब. ताज्या बर्फात सुटलेली स्की पृष्ठभागाखालून सुळकन जाते, वर काही खूण राहत नाही. मी खाली खाली शोधतोय. गाइड शांतपणे वर चढला, मी पडलो त्याच्याही वर काठी खुपसत गेला, आणि पाऊण तासाने स्की तिथेच सापडली. आपण पडून खाली घरंगळतो, स्की बहुतेक वेळा जागीच रुतते. तेवढ्या वेळात कमरेपर्यंत बर्फात चालून माझा जीव गेला. पुढच्या वेळी स्कीला रंगीत फीत बांधणार. जाणकार लोक ती लांब फीत पँटच्या पायात खोचून ठेवतात, सुटली की मागे लोंबते.

निफाडहून

काय भो, थंडीचं आम्हाला सांगता! पारा पाचाखाली गेला की रात्री बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही, घड वाचवायला. गुलमर्गला मी एकदाच गेलो, जानेवारीत, चिल्लई कलानमध्ये. तिकडे त्या चाळीस दिवसांना तेच म्हणतात. थंडी सोसली, भाड्याचे बूट नाही सोसले. नडग्या सोलून निघाल्या. झाडीतलं काही आठवत नाही, नडग्या आठवतात. फेब्रुवारीत बर्फ चांगला असतो म्हणे, पण फेब्रुवारीत द्राक्षं सोडून कोण येणार?

गंगापूर रोड, वय ५२

मी जरा गंभीर लिहिते, रागावू नका. लेकीबरोबर गेले होते. दोघी बऱ्यापैकी स्की करतो. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या फरच्या अगदी जवळून वळताना ती बाजूला पडली आणि दिसेनाशी झाली. हाक नाही, काही नाही. मी वीसेक फूट मागे होते म्हणून कळलं.

अशा झाडाच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या असतात. त्यांच्यामुळे खोडाभोवती बर्फ घट्ट बसतच नाही, पोकळ विहीर राहते आणि फांद्यांनी ती झाकलेली असते. माणूस बहुधा डोक्यावर आत जातो. हातपाय झाडले की वरचा बर्फ आणखी आत पडतो. तिचे फक्त स्कीचे शेंडे वर होते. मी आधी तोंडाजवळचा बर्फ हातांनी काढला, मग गाइड आला आणि आम्ही तिला बाजूने खणून काढलं. ओढून निघत नाही हे लक्षात ठेवा. तीन-चार मिनिटंच गेली असतील. त्या रात्री मी हॉटेलात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, पोटाशी धरून बसले होते आणि नूनचहा, तिकडचा खारा चहा, हातातच गार झाला.

म्हणून झाडीत जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. शिट्टी गळ्यात. आणि काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाकायचे, अडकले तर हात मोकळा होत नाही. लेक पुन्हा गेली, मीही गेले. मोठ्या झाडापासून मात्र चार हात लांब.

अंबड, सध्या जपानमध्ये

काकू, वाचून काटा आला. इकडे होक्काइदोत निसेकोला अशा विहिरींची सूचना सगळीकडे असते. सैबेरियाची गार हवा जपानच्या समुद्रावरून येताना ओल उचलते आणि डोंगराला धडकली की रिकामी होते, म्हणून रोजच बर्फ. झाडं भोजपत्राच्या जातीची, पानं झडलेली, त्यामुळे मधून वाट काढायला सोपी. पण दोरीखालून घुसून हद्दीबाहेर गेलात तर पास काढून घेतात. ठरलेल्या फाटकांतूनच जायचं, आणि धोका असला की फाटक बंद. गुलमर्गला मी उलट बघितलं, दुसऱ्याचा माग दिसला की आपली पोरं त्यावरून निघतात. माग म्हणजे परवानगी नव्हे, बाबांनो.

इंदिरानगर

मला फक्त तक्रार करायची आहे. बुकिंग करून देणाऱ्याने “पावडरसाठी (म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी) खास रुंद स्की” कबूल केली होती. मिळाली ती अरुंद, शिकाऊ मैदानाची. ताज्या बर्फात ती बुडते, तुम्ही शेतात रुतलेल्या बैलगाडीसारखे उभे. शनिवार असाच गेला. रविवारी रुंद मिळाली तर ऊन पडलं, दुपारपर्यंत बर्फ ओला, संध्याकाळी वर चिक्कीसारखा थर. गाइड म्हणाला, उत्तरेकडच्या झाडीत अजून मऊ असेल. होता, पण विमान गाठायचं होतं. आणि आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. घरच्यांनी दोन दिवस देव पाण्यात घातले होते.

सातपूरवरून, पुन्हा

काकू, शिट्टी घेतली. निफाडकर, जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारचं बघू का? नडग्यांना जाड पायमोजे दोन नको, एकच पातळ लोकरी. दोन घातले म्हणूनच सोलल्या असणार.

निफाडहून

तीन घातले होते.