मदत हवी आहे: कोयनेच्या निवाड्यात आडनाव नाही, प्रकल्पग्रस्त दाखला अडलाय

कोयनेच्या 1,960 मेगावॅट विजेमागे शिवसागर जलाशयात बुडालेली गावं आहेत. त्यातल्या एका कुटुंबाच्या नातवाचा प्रकल्पग्रस्त दाखला अडलाय. सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण त्यावरच मिळतं आणि वय तर थांबत नाही.

अडचण नेमकी अशी: भूसंपादनाच्या निवाड्यात (जमीन घेताना भरपाई ठरवणाऱ्या आदेशात) खातेदार नुसता ‘धोंडी बिन बाळू’, म्हणजे बाळूचा मुलगा धोंडी; आडनाव नाही. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीच्या सातबारावर मात्र आडनाव आहे. त्यामुळे वंशावळ मूळ खातेदाराशी जुळत नाही. प्रतिज्ञापत्र एकट्याने पुरलं नाही.

जुना फेरफार, गाव नमुना 6-क मधली (तलाठ्याकडची) वारस नोंद की जमीन वाटपाचा आदेश, यातला कोणता कागद दोन्ही नावं एक ठरवतो? की दिवाणी न्यायालयाचा वारस दाखलाच लागतो? हे काम पार पाडलेल्यांनी कृपया क्रमाने सांगावं.