बार रूममधला संविधान दिन आणि आपला सोसायटीचा ग्रुप

बी-२०४: ताई आज उशीर झाला का, कोर्टात संविधान दिनाचा कार्यक्रम होता ना

सी-५०१: हो गं, आत्ताच आले. उद्देशिका वाचली सगळ्यांनी उभं राहून, मग कलम ५० वर भाषणं. आमच्यातले सीनियर अजून लॉ डेच म्हणतात, सुप्रीम कोर्टाच्या बार असोसिएशनने १९७९ पासून तसा पाळायला घेतला होता, संविधान दिन हे नाव २०१५ पासूनचं

ए-१०३: कलम ५० काय आहे?

सी-५०१: एका वाक्याचं कलम, न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करायची. इंग्रजांच्या काळात कलेक्टरच जिल्हा मॅजिस्ट्रेट, पोलिसांवर लक्ष त्याचं आणि खटले चालवणारे पण त्याच्याच हाताखालचे, मग आरोपीने दाद मागायची कुणाकडे. १९४८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी घटना समितीत हे कलम मांडलं, मुंबई राज्याने १९५१ ला त्यासाठी कायदा केला पण देशभर नीट व्हायला १ एप्रिल १९७४ उजाडला, १९७३ ची सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली तेव्हा. मला या दिवसाचं अप्रूप वाटतं ते यासाठी

बी-६०२: मी महसूल खात्यात होतो. चॅप्टर केसेस, म्हणजे कुणी शांतता बिघडवेल अशी भीती असली की त्याच्यावर होतात त्या, आमच्या तहसीलदारांसमोरच चालायच्या की, मग वेगळं कुठे झालं

सी-५०१: काका अगदी बरोबर बोललात. तहसीलदार तिथे कार्यकारी दंडाधिकारी असतात, गुन्ह्याची शिक्षा नाही देत, शांतता राखायचा बॉण्ड म्हणजे लेखी हमी घेतात. पण बॉण्ड दिला नाही तर माणूस आत जाऊ शकतो, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. हे मला खटकतं आणि आज मी तिथे बोलले पण

ए-७०१: पण कोर्ट संसदेने केलेलं रद्द करतं ते चालतं का मग

सी-५०१: १९७५ आठवा. पंतप्रधानांच्या निवडणुकीची केस सुप्रीम कोर्टात चालू असताना संसदेने ३९ वी घटनादुरुस्ती केली, ही निवडणूक वैधच आहे असं थेट घटनेत लिहून टाकलं, म्हणजे निकाल पण संसदच देणार. आणीबाणी असताना कोर्टाने तो भाग, कलम ३२९अ चा खंड ४, रद्द केला. निवडणूक मात्र वैध ठरली, पण कोर्टाने स्वतः केस ऐकून तसं ठरवलं, फरक तिथे आहे. आणि कोर्टालाही मर्यादा आहेत, सभागृहाचं कामकाज नियमाने झालं नाही एवढ्यावरून त्यात हात घालता येत नाही, कलम १२२

बी-६०२: आमच्याकडे बॉण्डच्या ऑर्डर छापील असायच्या, नाव आणि रक्कम तेवढी भरायची. समोरच्याचं म्हणणं ऐकल्याचं वाक्य पण आधीच छापलेलं. मीच भरल्यात कित्येक, अजून आठवलं की बरं वाटत नाही

सी-५०१: काका रविवारी क्लबहाऊसमध्ये दहावीच्या मुलांशी बोलणार आहे मी याच विषयावर. हे तुम्ही सांगाल का त्यांना?

बी-६०२: किती वाजता?

सी-५०१: अकरा

बी-६०२: येतो