विजयदुर्गचे ‘साहेबाचे ओटे’ आणि हेलियमचा शोध: नेमके काय लिहावे?

वाघोटन
नमस्कार. आमच्या वाचक मंडळासाठी मी दर आठवड्याला इतिहास किंवा विज्ञानातील एखादी कुतूहलाची नोंद छायाचित्रासह ऑनलाइन टाकतो. या वेळी विजयदुर्ग किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ घ्यायचे ठरवले आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवर दुर्बीण रोवली आणि हेलियम शोधला, असे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु काही ठिकाणी गुंटूरचे आणि जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव दिसते. नोंद पुढे अनेकांकडे जाईल, म्हणून टाकण्यापूर्वी जाणकारांना विचारत आहे.

वर्णपट
आधी विचारलेत हे फार चांगले केलेत. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हतेच, ते इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम असा गेला होता. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट, तर मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन असे निरीक्षक बसले होते. सूर्याच्या कडेवर उसळलेल्या ज्वाळांच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात) तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, हे त्या दिवशी पक्के झाले. रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे जान्सेन यांना वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा.

लॉकियर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे योजून २० ऑक्टोबरला इंग्लंडमधूनच या रेषा पाहिल्या. दोघांच्या कामाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला पोहोचली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. दोन माणसांना, दोन खंडांत, एकमेकांचा पत्ता नसताना एकच गोष्ट सुचावी, हाच मला या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आता या रेषांमधल्या पिवळ्या रेषेविषयी, कारण हेलियमची खूण तीच. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला असतात, तर सूर्यातली ही रेषा ५८७.६ ला. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा, त्यामुळे ती सोडियमचीच समजली जाणे अगदी स्वाभाविक होते. ती सोडियमची नाही, हे लॉकियर यांनी काटेकोर मापनाने दाखवले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत हायड्रोजनवर प्रयोग करूनही ती मिळेना, तेव्हा हे एखादे अज्ञात मूलद्रव्य, म्हणजेच आजचे हेलियम, असावे हा विचार बळावला. म्हणून हेलियमचा शोध एका दिवसाच्या किंवा एका जागेच्या नावावर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

वाघोटन
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मग विजयदुर्गशी लॉकियर यांचा काहीच संबंध नाही, असे समजायचे का?

गलबत
संबंध आहे, आणि तो भक्कम आहे. फक्त तो तीस वर्षांनंतरचा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः मोहीम घेऊन विजयदुर्गला आले होते. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमीन’ या जहाजाचे कॅप्टन चिशोम-बॅटन आणि त्यांचे खलाशी मदतीला होते. खग्रास स्थितीची मोजकी मिनिटे हातची जाऊ नयेत म्हणून त्या खलाशांना निरीक्षणाची कामे वाटून दिली होती. लोलक (प्रिझम) बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपले गेले आणि त्याचा अहवाल रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करून तो मिळवला होता. तेव्हा ‘हेलियमशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या लॉकियर यांनी १८९८ मध्ये विजयदुर्गहून सूर्यग्रहणाचा वेध घेतला’ असे लिहावे. हे वाक्य निखालस खरे आहे आणि किल्ल्याचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, त्याचाही उल्लेख जरूर करा. विज्ञानासाठी लोक एखाद्या जलदुर्गावर जमतात, हे दुर्मीळ आहे.

करमाळेकर
एक विनंती. याच १८९८ च्या ग्रहणाच्या नोंदीत करमाळा तालुक्यातील जेऊरलाही जागा द्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक आणि महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे आपले पथक नेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल हेदेखील जेऊरलाच उतरले होते. नायगमवालांचा छापील अहवाल आजही उपलब्ध आहे, तरी आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच कुणी घेते. साहेबाच्या ओट्यांचे छायाचित्र हजारदा फिरते. त्याच ग्रहणाचा वेध घेणाऱ्या पुण्याच्या या खगोलशास्त्रज्ञासाठी त्याखाली दोन ओळी अवश्य लिहा.