लिनक्स प्रमाणपत्राच्या सरावासाठी क्लाउडवरची लॅब पुरेशी आहे का?

टर्मिनलप्रेमी

मी सध्या रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए या सिस्टिम ॲडमिन प्रमाणपत्राच्या परीक्षेची, म्हणजे ईएक्स२०० ची तयारी करतो आहे. ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. चालू मशीनवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते आणि ३०० पैकी २१० गुण मिळाले तरच उत्तीर्ण होता येते. त्यामुळे हात बसल्याशिवाय गत्यंतर नाही. माझे मत असे आहे की या सरावासाठी क्लाउडवरची लॅब हाच सर्वांत योग्य मार्ग आहे. मी टेराफॉर्मची (क्लाउडवर मशीन आपोआप उभारणाऱ्या साधनाची) एक छोटी फाइल लिहून ठेवली आहे. ती चालवली की रॉकी लिनक्स ९ ची (रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणाऱ्या मोफत लिनक्सची) दोन मशीन, प्रत्येकाला एकेक रिकामी जादा डिस्क आणि दोघांमधले खासगी नेटवर्क काही मिनिटांत उभे राहते, आणि रात्री एका आज्ञेने सगळे पुसले जाते. मशीन बिघडवण्याची भीती उरत नाही, आणि ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपची दमछाकही होत नाही. याला आक्षेप असेल तर जरूर मांडावा.

जुना कन्सोल

आक्षेप आहे, आणि तो अगदी मुळाशी आहे. आरएचसीएसएच्या जाहीर अभ्यासक्रमात बूट होण्याची प्रक्रिया मध्येच थांबवून मशीनमध्ये प्रवेश मिळवणे हा एक स्वतंत्र मुद्दा आहे. त्यासाठी ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना येणारा, मेनू डोळ्यांसमोर यावा लागतो, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ओळ संपादित करावी लागते, आणि हे सगळे एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडते. तुमच्या लॅबचे एकमेव दारच एसएसएच आहे. काही क्लाउडवर सीरियल कन्सोल (बूट होतानाही मशीनशी बोलता येणारी वाट) मिळतो हे मान्य, पण तो वेगळा चालू करून घ्यावा लागतो, आणि त्यावरून लॉगिन करायला पासवर्ड असलेला वापरकर्ता लागतो. क्लाउडच्या तयार इमेजमध्ये (आधीच बसवलेल्या सिस्टिमच्या प्रतीत) बहुधा फक्त डिजिटल किल्लीने प्रवेश असतो आणि रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, खाते कुलूपबंद असते. शिवाय होस्टनेम, नेटवर्क, किल्ल्या हे सगळे क्लाउड-इनिट या पहिल्या बूटला चालणाऱ्या साधनाने तुमच्या आधीच करून ठेवलेले असते. ज्या कामांचा सराव करायचा, त्यांतली निम्मी कामे दुसऱ्याने उरकलेले मशीन तुमच्या हाती येते.

टर्मिनलप्रेमी

बूटचा मुद्दा वजनदार आहे, तरीही क्लाउडवर बूट बिघडल्यावर काहीच शिकता येत नाही हे मला मान्य नाही. मागच्या आठवड्यात मी एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) नव्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एका अक्षराने चुकीचा लिहिला आणि रीबूट केले. एसएसएच उत्तर देईना. मग त्या मशीनची मूळ डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि माउंट करायला (तिथल्या फाइली वापरात घ्यायला) गेलो, तर तिथेही नकार आला. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, पाहिल्यावर उलगडा झाला: दोन्ही मशीन एकाच इमेजपासून बनलेली असल्यामुळे दोन्ही मूळ डिस्कवरच्या एक्सएफएस फाइलसिस्टिमचा यूयूआयडी सारखाच होता, आणि तो यूयूआयडी आधीच वापरात असल्याने कर्नल दुसरी डिस्क स्वीकारत नव्हता. ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय देऊन ती माउंट केली, चुकलेली ओळ सुधारली, डिस्क परत जागी लावली. त्या एका संध्याकाळी फाइलसिस्टिमबद्दल जे कळले ते कोणत्याही व्हिडिओतून कळले नसते.

जुना कन्सोल

शिकलात हे खरेच. परंतु परीक्षेत डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडण्याची मुभा कोणी देत नाही. एफएसटॅब चुकले की तिथे समोर आपत्कालीन मोड उभा राहतो, रूटचा पासवर्ड मागतो, आणि घड्याळ चालू असताना मूळ फाइलसिस्टिम लिहिण्यायोग्य करून तीच ओळ दुरुस्त करावी लागते. तुम्ही अवघड वाट शिकलात आणि सोपी राहून गेली. खरे म्हणजे रीबूट करण्याआधी ‘फाइंडमाउंट’ला ‘व्हेरिफाय’चा पर्याय देऊन चालवले असते, किंवा नुसते ‘माउंट’ला ‘ए’चा पर्याय दिला असता, तरी चूक तिथेच पकडली गेली असती.

लॅपटॉपच्या मेमरीची अडचणही मला पटत नाही. चित्रमय डेस्कटॉप न बसवलेली दोन मशीन प्रत्येकी २ जीबीत केव्हीएमवर (लिनक्समधल्या आभासी मशीनच्या सोयीवर) निवांत चालतात, आणि स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घेतला की पुसून पुन्हा उभारण्याचीही गरज पडत नाही. रेड हॅटची वैयक्तिक डेव्हलपर वर्गणी विनामूल्य असून तिच्यावर १६ मशीनपर्यंत नोंदवता येतात. तेव्हा सरावाला मूळ आरएचईएलच, म्हणजे रेड हॅटचे स्वतःचे लिनक्सच, का घेऊ नये?

पोर्ट बावीस

मी दोघांच्या मध्ये पडतो आहे, कारण एका मुद्द्याला कोणीच हात लावलेला नाही. वेबसर्व्हर ८२८२ या पोर्टवर चालवण्याचा साधा सराव घ्या. घरच्या मशीनवर दोन अडथळे असतात: एसईलिनक्सला (कोणत्या प्रोग्रॅमने काय वापरावे हे ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेला) तो पोर्ट वेबसर्व्हरचा म्हणून सांगावा लागतो, आणि फायरवॉलडी या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये तो कायमस्वरूपी उघडावा लागतो. क्लाउडवर त्यात सिक्युरिटी ग्रुपचा, म्हणजे क्लाउडच्या स्वतःच्या फायरवॉलचा, तिसरा अडथळा येतो, जो मशीनच्या आतून दिसतच नाही. पान उघडले नाही की नवशिका सिक्युरिटी ग्रुपमध्ये सगळे दरवाजे सताड उघडतो. त्यातच कित्येक तयार क्लाउड इमेजमध्ये फायरवॉलडी बसवलेलेच नसते, त्यामुळे पान लगेच उघडते आणि फायरवॉल आपल्याला जमली असा गैरसमज पक्का होतो.

दुसरे म्हणजे बिल. मशीन ‘थांबवले’ म्हणून मी महिनाभर निर्धास्त होतो, पण थांबवलेल्या मशीनच्या डिस्कचे भाडे चालूच राहते हे बिल आल्यावर कळले. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) तर १ फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचाही ताशी आकार लागतो, मग तो वापरात असो वा नसो. धागाकर्त्यांची रोज पुसून टाकण्याची सवय त्यामुळेच मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

अर्धवट ॲडमिन

सगळी चर्चा एकाच परीक्षेभोवती फिरते आहे. एलपीआयसी-१ हे दुसरे लिनक्स प्रमाणपत्र, ते देणाऱ्याला १०१ आणि १०२ अशा दोन प्रश्नपत्रिका असतात, प्रत्येकीत ९० मिनिटांत ६० प्रश्न, बहुतेक पर्यायी आणि थोडे रिकाम्या जागा भरण्याचे. त्याला आज्ञांचे पर्याय पाठ व्हावेत एवढ्यापुरते कोणतेही मशीन चालेल. एलएफसीएस या आणखी एका लिनक्स प्रमाणपत्राची २ तासांची परीक्षा तर ब्राउझरमधून दूरच्या मशीनवरच सोडवायची असते, तेव्हा तिथे क्लाउडची सवय उलट उपयोगी पडेल.

टर्मिनलप्रेमी

काल जुना कन्सोल यांचे ऐकून लॅपटॉपवर एक मशीन उभे केले आणि बूट थांबवून रूटचा पासवर्ड बदलला. बदल व्यवस्थित झाला, तरी लॉगिन होईना. पासवर्ड तीनदा तपासून टाइप केला. शेवटी लक्षात आले की ऑटोरीलेबलची (लेबले पुन्हा लावायला सांगणारी) रिकामी फाइल बनवायची राहिली होती, त्यामुळे पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाइलचे एसईलिनक्स लेबल बिघडले होते. ही चूक क्लाउडवर माझ्या हातून होण्याचा योगच आला नसता, हे कबूल करतो. मात्र दोन मशीनमधले एनएफएस आणि ऑटोएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून घेणे), एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी), वापरकर्ते आणि टायमर (ठरल्या वेळी चालणारी कामे) यांचा सराव मी क्लाउडवरच ठेवणार आहे.

जुना कन्सोल

ठेवा, हरकत नाही. फक्त तिथल्या रूटला एक पासवर्ड देऊन सीरियल कन्सोल आजच चालू करून ठेवा, कारण एफएसटॅब पुन्हा चुकणार आहे.