पोर्ट, स्टारबोर्ड आणि आपलं डावं-उजवं

प्रश्न : भाषांतरात 'पोर्ट'ला 'डावीकडे' आणि 'स्टारबोर्ड'ला 'उजवीकडे' लिहिलं तर चालेल का?

– 'जहाजाची डावी बाजू' चालेल, 'डावीकडे' नको. 'डावीकडे' म्हटलं की बोलणाऱ्याचा डावा हात आला. पोर्ट बाजू जहाजाची असते : नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर डाव्या हाताला येते ती. पाठ फिरवली तरी ती जागची हलत नाही. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. प्रत्येकाचा उजेड थेट समोरपासून बाजूला ११२.५ अंशांपर्यंत पडतो. समोरून येणाऱ्या जहाजाचे दोन्ही दिवे दिसले, तर त्याची नाळ आपल्याकडे आहे आणि त्याचा लाल दिवा आपल्या उजव्या हाताला. तिथे 'डावीकडचा दिवा' लिहिलंत की वाचक हिरवा समजणार.

– जुना मजकूर असेल तर आणखी जपा. पूर्वी वल्ह्यासारखं सुकाणू उजव्या बाजूला असे, त्यावरून 'स्टारबोर्ड'. डावीला 'लारबोर्ड' म्हणत. वाऱ्यात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये 'पोर्ट' हा शब्द ठरवून दिला. खरी मेख हुकुमात आहे. तेव्हाचा 'स्टारबोर्ड' हा हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे. दांडा उजवीकडे ढकलला की पातं डावीकडे जातं आणि नाळही डावीकडे वळते. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर दिलेला 'हार्ड अ-स्टारबोर्ड' हा हुकूम जहाज डावीकडे वळवण्यासाठीच होता. ही पद्धत १९३०च्या दशकात बदलली. त्याआधीच्या मजकुरात 'जहाज उजवीकडे वळवा' असं लिहिलं तर अर्थ उलटाच होतो. 'दांडा उजवीकडे' लिहा.

प्रश्न : आणि 'विंडवर्ड'ला 'वाऱ्याच्या दिशेने'?

– तो शब्दप्रयोग टाळाच. वारा येतो तिकडे की जातो तिकडे, हे त्यातून कळत नाही. शिवाय पोर्ट कायमची, पण ही बाजू वाऱ्याबरोबर बदलते. 'वारा येतो ती बाजू' आणि 'आडोशाची बाजू' अशी जोडी ठेवा. होडी पाण्यात सोडायची ती आडोशाच्या बाजूने, कारण तिथे जहाजाच्या आडोशाने लाटा कमी असतात. दुसऱ्या बाजूने सोडली तर लाटा ती जहाजाच्या अंगावरच आपटवतात.